निळ्या काठाचा टॉवेल

मला घाण सहन होत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे 'बाई फारच नाक मुरडते बुवा' असं कुणी म्हणायला नको. मुरडतेच. सासूबाई म्हणतात, "हिचं नाक म्हणजे संकट आहे. शेजारणीचं दूध उतू गेलं तरी हिला आमच्या घरात मळमळतं."

आणि अशा मला आरोग्य कार्यालयानं काम काय द्यावं? सरकारी शाळांची पाहणी! साथीचे रोग पसरू नयेत म्हणून शाळा काय करतात, ते जाऊन बघायचं. हात धुवायला पाणी आहे का, साबण आहे का, हात कोरडे करायची सोय आहे का, संडासाला दार आहे का, आजारी मुलाला वेगळं बसवायला खोली आहे का. शेवटी एका मुलानं हात धुऊन दाखवायचे, त्याला प्रात्यक्षिक म्हणायचं. असेल तिथे बरोबरची खूण, नसेल तिथे फुली. शाळेचा शिक्का घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुढची शाळा गाठायची.

पहिल्याच शाळेत माझं डोकं फिरलं. हात धुवायचं बेसिन होतं, चकचकीत होतं, पण त्या खोलीला कुलूप होतं. मी विचारलं, कुलूप का? तर तिथले हेडमास्तर म्हणतात, "उघडं ठेवलं तर मुलं वापरतात."

"अहो, मग कशाला आहे ते? पूजेला?"

"घाण करतात हो, मॅडम."

पाण्याच्या टाकीचं झाकण मी स्वतः उचललं. आत पाल तरंगत होती, पोट वर, पांढरं, टम्म फुगलेलं. हेडमास्तरांनी वाकून बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "कालच पडली असेल." म्हणजे काल पडलेली पाल चालते! आजारी मुलांच्या खोलीत मोडकी बाकं छतापर्यंत रचलेली. संडासाचं मी वर्णन करत नाही. एवढंच सांगते की तिथून बाहेर आल्यावर मी चपलांचे तळ भिंतीला घासले, आणि मग भिंत बघून वाटलं, उलटं केलं असतं तर बरं झालं असतं.

साबणाची एक वडी होती. तिला काळ्या भेगा पडल्या होत्या आणि भेगेत केस. एका मुलानं त्या वडीनं हात धुऊन दाखवले आणि चड्डीला पुसले. मग त्याच हातानं नाक पुसलं आणि तो हातही चड्डीला पुसला.

माझा तोल गेला. "टॉवेल कुठाय?" मी ओरडले. "चड्डीलाच पुसायचे तर धुवायचे कशाला? एवढी मोठी शाळा, एक पांढरा टॉवेल जमत नाही तुम्हाला? टॉवेल नसेल तिथे मी फुलीच मारणार, कुणाचीही शाळा असो!"

हेडमास्तर हो हो म्हणाले. मी गाडीत बसले, बाटलीतल्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले आणि आमच्या ड्रायव्हरकाकांना म्हटलं, "चला इथून, नाहीतर मी इथेच ओकेन."

दुसऱ्या शाळेत टॉवेल होता. पांढराशुभ्र, निळ्या काठाचा, आणि घडी अजून मोडलेली नव्हती. कडेला दुकानाची चिठ्ठीसुद्धा तशीच. मी काय दूधखुळी आहे? म्हटलं, "हा शोभेचा टॉवेल मला दाखवू नका. वापरातला दाखवा. मुलांनी हात-तोंड पुसलेलं कळलं पाहिजे." तिथल्या हेडबाईंचा चेहरा पडला. मला बरं वाटलं. खोटेपणा पकडला की मला बरं वाटतंच.

तिसऱ्या शाळेत खाली नळ लावलेली बादली होती, हिरवी साबणदाणी होती, आणि टॉवेल वापरलेला होता. मऊ पडलेला, जरा मळका, आणि एका कोपऱ्यात इस्त्रीनं करपल्याचा तपकिरी डाग. म्हटलं चला, एक तरी शाळा खरं वागतेय. खूण केली. तिथे शिक्का मारायचं राहिलं, कारण शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली कारकुनाकडे, आणि कारकून रजेवर. पुन्हा येईन म्हटलं.

चौथ्या शाळेतही बादली होती, तिलाही खाली नळ लावलेला. हिरवी साबणदाणी होती. शेजारी खुंटीवर निळ्या काठाचा पांढरा टॉवेल. एका मुलीनं हात धुतले, तोंड धुतलं आणि टॉवेल हातात घेतला, तेव्हा कोपरा समोर आला. करपल्याचा तपकिरी डाग.

परत गाडीत बसल्यावर ड्रायव्हरकाका मिशीत हसत होते. "मॅडम, मागच्या शाळेतली बादली आपल्या आधी पोचली वाटतं. तिला आपल्यापेक्षा चांगली गाडी दिलीय."

मला आधी हसू फुटलं आणि मग संताप आला. वरून कीर्तन आतून तमाशा! सगळ्या शाळांत मिळून एक बादली, एक साबण, एक टॉवेल, आणि माझ्या पुढे पुढे त्याची पालखी. हेडमास्तरांचा फोनवर ग्रुप असतो, मी कुठे निघाले हे मला कळायच्या आधी त्यांना कळतं. मी तिथूनच आमच्या साहेबांना फोन लावला.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "वस्तू दिसली का?"

"दिसली, पण ती त्यांची नाही!"

"दिसली ना? मग खूण करा. आपण वस्तू बघतो बाई, ती कुणाच्या घरची हे नाही बघत. आणि हो, पुढच्या शुक्रवारपासून तुमची रजा आहे ना? पाहणी अर्धवट राहिली तर मी सही कशी करू, सांगा बरं."

मी तोंड मिटलं. एरवी मी मिटणारी नव्हे. पण ती रजा म्हणजे माझ्या भिंगरीचा डोळा होता.

भिंगरी म्हणजे माझी मुलगी. खरं नाव शाळेच्या पटावर, घरी भिंगरीच, कारण एका जागी थांबणं तिला माहीत नाही. तिचा डावा डोळा तिरळा आहे. वर्गात चकणी म्हणतात तिला. घरी येऊन सांगत नाही, पण फोटो काढायचा म्हटलं की मान अशी वळवते की तो डोळा दिसू नये. सरकारी दवाखान्यात नाव घालून वर्ष होऊन गेलं, तेव्हा कुठे ऑपरेशनची तारीख मिळाली, पुढच्या शुक्रवारची. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "वय वाढतंय तसा हा डोळा बघायचं सोडून देतोय. आता आणखी लांबवू नका. आणि एक सांभाळा. डोळे आलेले असतील तर मी हात लावणार नाही. तारीख गेली की पुन्हा रांगेत शेवटी."

म्हणून मी मुकाट खुणा करत गेले. प्रत्येक शाळेत तीच बादली, तोच टॉवेल, तोच डाग. प्रत्येक शाळेत एक मूल पुढे यायचं, हात धुवायचं, तोंड धुवायचं, पुसायचं आणि माझ्याकडे बघून हसायचं. टॉवेल दर शाळेत जरा जास्त मळलेला. मी लांब उभी राहून, श्वास रोखून, खूण करायची आणि निघायची. भिंगरीची शाळा मी मुद्दाम अगदी शेवटी ठेवली होती. म्हटलं, तोवर माझ्या तोंडाचा धाक सगळीकडे पोचेल, तिची शाळा तरी झाडून-पुसून स्वच्छ होईल.

सोमवारी तिसऱ्या शाळेत राहिलेला शिक्का घ्यायला गेले.

फाटकातच कळलं की काहीतरी बिघडलंय. शाळा असूनसुद्धा गलका नव्हता. वर्गात अर्धी बाकं रिकामी. जी मुलं आली होती त्यांचे डोळे लाल, सुजलेले. पापण्यांच्या कडांना पिवळा चिकट थर वाळून बसलेला. एकानं बोटानं तो खरवडला, निरखून बघितला आणि बाकाला पुसला. शेजारच्यानं त्याच बाकावर गाल टेकला. फळ्याजवळ उभ्या असलेल्या मास्तरांचेही डोळे आलेले, ते रुमालानं डोळे टिपत होते आणि त्याच रुमालानं खडूची धूळ झटकत होते. शिक्का घेतला, कुणाला शिवले नाही, धावत गाडीत आले.

"डोळे आलेत तिथे, सगळ्यांना," मी म्हटलं.

"चौथ्या शाळेतपण आलेत," ड्रायव्हरकाका म्हणाले. "माझा पुतण्या तिथेच जातो. त्याच्या पुढच्या शाळेतही म्हणे आलेत." आणि मग आरशातून माझ्याकडे बघून हसले. "मॅडम, राग मानू नका, पण आपला पायगुण काही बरा दिसत नाही. आपण जाऊन आलो की मागून डोळे येतात."

मीही हसले. आणि हसता हसता थांबले.

पायगुण कसला? आमच्या मागून डोळे येत नव्हते. आमच्या पुढून टॉवेल जात होता.

जिथे टॉवेल नव्हता त्या पहिल्या शाळेत फोन केला. डोळे? छे, इथे कुणाचे नाही. दुसरीकडे, जिथे तो कोरा होता, तिथेही नाहीत. तिसरीपासून पुढे सगळीकडे. मग साहेबांना फोन केला. "अहो, हवा बदलली की डोळे येतातच," ते म्हणाले. "उद्याची शेवटची शाळा उरका आणि रजेवर जा. लेकीची काळजी घ्या." माणूस गोड बोलून असा चिखलात लोटतो की ढकललंय हेही कळत नाही. मग भिंगरीच्या शाळेच्या मोठ्या बाईंना फोन लावला. एकदा लावला, दहादा लावला, उचलला नाही.

मी हिशेब केला. प्रात्यक्षिक एकच मूल करतं. ते पुसतं, मग त्याच्याकडून बाकीच्यांना लागतं. उद्या सकाळी सगळ्यात आधी शाळेत पोचायचं, टॉवेल उचलायचा, आणि भिंगरीला घरीच ठेवायचं. एवढं केलं की सुटलो. मला अगदी हायसं वाटलं.

घरी गेले तर भिंगरी दारातच नाचत होती. "आई, उद्या तू आमच्या शाळेत येणारेस ना? तुला एक गंमत दिसणारे! आत्ता नाही सांगणार!"

"उद्या तू शाळेत जायचं नाहीस."

तिचं तोंड एवढंसं झालं. मग जी रडली! पाय आपटले, दप्तर फेकलं. सासूबाई आतून बाहेर आल्या. "काय ग तुझं? पोर एवढी नटूनथटून जायचं म्हणतेय, आणि तू सरळ नाही म्हणून मोकळी? आई आहेस की वैरीण?"

"शुक्रवारी ऑपरेशन आहे. शाळांत डोळ्यांची साथ आहे."

"मग तसं सांग ना तिला प्रेमानं. तुझ्या तोंडाला मेली कधी साखर लागत नाही."

भिंगरी रडत रडतच झोपली. गंमत काय ते काही तिनं सांगितलं नाही. मी तिला जवळ घ्यायला गेले तर पाठ फिरवली.

सकाळी मी शाळेचं फाटक उघडायच्या आधी तिथे हजर. आणि सांगते, ती शाळा बघून मी गार पडले. स्वच्छ होती. माझ्यासाठी एका रात्रीत केलेली नव्हे, रोजची स्वच्छ. मुलांच्या उंचीचे नळ, नळाला पाणी, प्रत्येक नळाशी साबण, झिजलेला, म्हणजे खरोखर वापरातला. संडासाला आतून कडी. आजारी मुलांसाठी खोली, तिथे खाट, खाटेवर धुतलेली चादर. इतक्या शाळांत नाक दाबून फिरले होते, इथे मी चक्क मोठा श्वास घेतला.

आणि खुंटीवर तो टॉवेल होता. आता त्याला पांढरा म्हणणंही पाप. राखाडी, ओलसर, आंबूस वासाचा, मध्ये पिवळट डाग, कोपऱ्यात करपलेला.

मोठ्या बाई लगबगीनं आल्या. साध्या, भल्या बाई. भिंगरीला चकणी म्हणणाऱ्या पोरांना त्यांनीच एकदा चांगलं झापलं होतं. "या, या! काल तालमीच्या गडबडीत फोन दप्तराच्या खोलीत राहिला हो. सकाळी बघितलं तर तुमचे एवढे फोन!"

"हा टॉवेल इथे का आहे?" मी खुंटीकडे बोट दाखवलं. "तुमच्याकडे सगळं आहे. तुम्हाला हा कशाला लागला?"

त्या गोंधळल्या. "अहो, आमची मुलं आपापला रुमाल आणतात घरून. पण ग्रुपवर निरोप आला ना. मॅडमना पांढरा टॉवेल लागतोच, नसला तर फुली. तोही कोरा चालत नाही, मुलांनी हात-तोंड पुसलेला पाहिजे. सगळ्या शाळांनी तसंच केलंय म्हणे. म्हटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी आमची शाळा कशाला नापास व्हावी?"

माझेच शब्द. एकही इकडचा तिकडे झाला नव्हता. कुलूपबंद बेसिन कुणी उघडलं नाही, पाल कुणी काढली नसेल, पण माझ्या रागाचं हे एवढं त्यांनी मनावर घेतलं.

"धुतला का नाही कुणी?"

"धुतला तर परत कोरा दिसेल ना," त्या म्हणाल्या.

मी टॉवेल दोन बोटांत धरून पिशवीत कोंबला. "ठीक आहे. प्रात्यक्षिक होणार नाही. कुणीही याला तोंड लावायचं नाही. वेळेवर आले, नशीब."

"आज नको तर नको," मोठ्या बाई म्हणाल्या. "तालीम तर झालीच आहे काल."

"तालीम?"

"काल दुपारीच टॉवेल आला. मग सगळ्या वर्गाकडून करून घेतलं. दोनदा पुसायला लावलं, म्हणजे वापरल्यासारखा दिसेल. सगळीकडे असंच करतात, एक दिवस आधी." आणि मग त्यांचा चेहरा खुलला. "अहो, तुमची मुलगी कुठाय? तिला आणलं नाहीत? पहिला मान तिलाच दिला होता आम्ही. मॅडमची मुलगी म्हणून नव्हे हं, ती करतेच छान. काल प्रत्येकाला पुन्हा पुन्हा तिनंच करून दाखवलं. आईला गंमत दाखवायची म्हणून कुणाला बोलायची नव्हती."

मी पिशवीच्या तोंडाला गाठ मारली. माझ्या तोंडातून एवढे दिवस काय काय निघालं होतं.

"मॅडम," त्यांनी हळूच विचारलं, "पास ना आम्ही?"

घरी येऊन मी भिंगरीला खिडकीशी उभं केलं आणि डोळे तपासले. पांढरे, स्वच्छ. बुधवारीही स्वच्छ. सकाळी बघितले, दुपारी बघितले, झोपेत पापणी उचलून बघितले. सासूबाई म्हणाल्या, "नजर लावशील बाई अशानं." मीच स्वतःला समजावत होते, लागलं असतं तर एव्हाना दिसलं असतं. दवाखान्याची पिशवी भरून दाराशी ठेवली. नवे कपडे, तिची बाहुली, माझी शाल. भिंगरीचा रुसवाही गेला. आरशासमोर उभी राहून, डावा डोळा हातानं झाकून ती सांगत होती, "आता फोटोत मी सरळ बघणार."

गुरुवारी सकाळी तिची हाक आली. "आई, माझा डोळा उघडत नाहीये."

दोन्ही पापण्या चिकटल्या होत्या. कडेनं पिवळा पू गालावर आला होता, उशीला लागला होता. मी पाणी उकळून गार केलं, कापूस भिजवला आणि पुसायला बसले. दवाखान्यात फोन लावला. पलीकडच्या नर्सनं तारीख विचारली, कारण विचारलं आणि म्हणाली, "आणू नका मग. नाव परत रांगेत घालते. कधी येईल ते मी सांगू शकत नाही." सासूबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि आत नेली.

कापसाला पू येत होता, बोटांना लागत होता, मनगटावर ओघळत होता. मी हात धुवायला उठले नाही. पापणी जरा सुटली. आतून लाल, सुजलेला डोळा कसाबसा उघडला, आणि तो तिरळाच माझ्याकडे बघू लागला.

"आई, आमच्या शाळेला पहिला नंबर दिलास ना?"

"दिला."

"मी तालमीत बरोबर पुसलं होतं," ती म्हणाली. "आधी डोळे, मग गाल, मग हात. तुला आवडतं तसं."